“दादा, ती वायर तेवढी काढून द्या ना!”
स्लो-स्पीड ई-स्कूटर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

कोपरखैरण्यातल्या आमच्या दुकानात हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. ती वायर म्हणजे गाडीचा वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत धरून ठेवणारी छोटी जोडवायर. कधी डिलिव्हरीचा मुलगा म्हणतो, कधी कॉलेजला जाणारी मुलगी, कधी साठी ओलांडलेले काका. गाडी घेऊन आठ-दहा दिवस झालेले असतात. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मागून रिक्षा हॉर्न मारत पुढे गेलेली असते आणि मनात येतं, अजून थोडी पळाली असती तर बरं झालं असतं. आम्ही नाही म्हणतो. मग का नाही, ते समजावण्यात पंधरा मिनिटं जातात आणि तोवर लिफ्टवर चढवलेली दुसऱ्या कुणाची तरी गाडी तशीच लटकत राहते. म्हणून हे पत्रक छापलं आहे. गाडीच्या कागदांबरोबर सीटखाली ठेवा आणि एकदा शांतपणे वाचा.

नंबर प्लेट का लागत नाही

आपल्या स्लो-स्पीड गाडीला पासिंग नाही, लायसन्स नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. बहुतेकांनी ती त्याचसाठी घेतलेली असते. पण ही सूट येते कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या दिली आहे. मोटर २५० वॅटच्या आतली, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत, आणि या दोन्ही गोष्टी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासलेल्या असल्या, तर ती गाडी ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. पुण्याची एआरएआय आणि मानेसरची आयकॅट या अशा संस्था. म्हणजे सूट आहे ती चाचणीच्या वेळी जशी होती तशीच्या तशी असलेल्या गाडीला. तिच्यात बदल केला की सूट संपली.

त्या प्रमाणपत्राची प्रत आम्ही प्रत्येक विक्रीबरोबर प्लास्टिकच्या पाकिटात घालून देतो. ट्रॅफिक हवालदारांनी थांबवलं तर वाद घालू नका, पाकीट काढून दाखवा. दहांतल्या नऊ वेळा तिथेच काम होतं. ज्यांनी गाडी दुसरीकडून घेतली आहे आणि असा कागद मिळालेला नाही, त्यांनी आपल्या विक्रेत्याकडे तो मागावा. मिळत नसेल तर मॉडेलचं नाव घेऊन आमच्याकडे या, कंपनीकडून मागवता येतो का ते पाहू.

उभं राहून चालवायच्या, घडी होणाऱ्या छोट्या स्कूटर हल्ली पुष्कळ जण ऑनलाइन मागवतात. त्यांच्याबरोबर चाचणीचं प्रमाणपत्र येत नसेल तर ही सूट त्यांना लागू होत नाही. आम्ही त्यांचे टायर आणि चार्जर दुरुस्त करून देतो, पण त्या सोसायटीच्या आवारातच चालवा.

आता त्या वायरबद्दल

मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे कंट्रोलरमधून, एक छोटी जोडवायर बाहेर आलेली असते. ती जोडलेली असेपर्यंत कंट्रोलर वेग पंचविसाच्या आत धरून ठेवतो. सोडवली की मर्यादा उठते. काम पाच मिनिटांचं आहे, शंभर-दोनशे रुपयांत करून देणारे रस्त्याकडेला बसलेले असतात. त्यामुळे आम्ही नाही म्हटलं की लोकांना वाटतं, हे उगाच अडून बसले आहेत.

वायर काढल्यावर गाडी फार तर पस्तीस-चाळीसपर्यंत जाते. त्याहून जास्त तिच्या मोटरमध्ये ताकदच नाही. या दहा-पंधरा किलोमीटरची किंमत काय पडते ते बघा.

वेग २५ वरून ४० वर गेला की गाडीतला जोर दीडपटीने नाही, अडीचपटीहून जास्त वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. तोच जोर ब्रेकला शोषायचा असतो. म्हणजे त्याच ब्रेकवर, त्याच टायरवर गाडी थांबायला अडीचपट अंतर लागतं. या गाड्यांचे ड्रम ब्रेक पंचविसाच्या हिशेबाने बसवलेले आहेत. पावसाळ्यात तुर्भ्याच्या सिग्नलला पुढचा ट्रक अचानक थांबला तर हा हिशेब कागदावर राहत नाही.

दुसरं, मोटर. आपल्या गाडीची मोटर मागच्या चाकाच्या आतच असते. तिला हवा लागायला जागा नाही, पंखा नाही. क्षमतेबाहेर सतत चालवली की आतली उष्णता बाहेर पडत नाही. आत तीन हॉल सेन्सर असतात, चाक कुठल्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला सांगणारे. आधी ते जातात. गाडी झटके मारायला लागते, जागेवर थरथरते, हाताने ढकलली की सुरू होते. नंतर कंट्रोलरकडे जाणाऱ्या जाड वायरींचं इन्सुलेशन वितळतं आणि त्या एकमेकींना चिकटल्या की कंट्रोलर उडतो.

तिसरं, बॅटरी. लिथियम बॅटरीच्या आत बीएमएस नावाची सर्किट असते. प्रमाणाबाहेर करंट ओढला गेला की ती बॅटरी वाचवण्यासाठी पुरवठा तोडते. महापेहून शिळफाट्याकडे जाणाऱ्या चढावर, मागे कंटेनर असताना गाडी एकदम बंद पडली, अशी तक्रार घेऊन आलेले तीन ग्राहक मला या वर्षात आठवतात. तिघांच्याही गाडीची वायर काढलेली होती. बॅटरी तिन्ही वेळा चांगली निघाली. तिने तिचं काम केलं होतं.

शिवाय वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून रेंज पडते. जी गाडी एका चार्जवर साठ किलोमीटर जात होती, ती चाळीस-पंचेचाळीसवर येते. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांनी याचा जरूर विचार करावा. वेगाने वाचवलेला वेळ दुपारी दुसऱ्यांदा चार्जिंगला लावण्यात जातो.

आणि कायदा. वायर काढलेली गाडी नियमातल्या व्याख्येत बसत नाही, म्हणजे ती मोटार वाहन झाली. नोंदणी नाही, विमा नाही, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल तर तेही नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर नुसत्या विनालायसन्स चालवण्याला ५,००० रुपये दंड आहे, विमा नसल्याचा पहिल्या वेळी २,०००, आणि गाडीत बेकायदा बदल केल्याबद्दल मालकाला वेगळा. पण दंड भरून सुटता येतं. कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई विमा कंपनी देणार नाही, ती घरातून द्यावी लागते.

अल्पवयीन मूल चालवत असेल तर गोष्ट आणखी गंभीर. मोटार वाहन अल्पवयीन मुलाने चालवून गुन्हा घडला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड अशी तरतूद आहे. गेल्या वर्षी घणसोलीहून एक गृहस्थ गाडी घेऊन आले. मुलगा वाशीला क्लासला जातो, गाडी सारखी गरम होते, असं म्हणाले. आम्ही पत्रा उघडला तर वायर सुटी, वर टेप गुंडाळलेली. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मुलाने मित्राबरोबर जाऊन परस्पर करून घेतलं होतं. ही तरतूद सांगितली तेव्हा ते बराच वेळ स्टुलावर नुसते बसून राहिले. संध्याकाळी मुलाला घेऊन परत आले आणि त्याच्यासमोर वायर जोडून घेतली. आम्ही त्याचे पैसे घेतले नाहीत. अशा कामाचे आम्ही कधीच घेत नाही. कुणाची वायर सुटी असेल तर आणा, जोडून देतो, एक शब्द बोलणार नाही.

आमचा वेळ जातो तो इथे

मुख्य मुद्दा हाच आहे, म्हणून नीट वाचा. वायर काढलेली गाडी दुरुस्तीला येते तेव्हा ग्राहक ते सांगत नाहीत. “आपोआप बंद पडली” एवढंच सांगतात. मग आमचा मेकॅनिक आधी बॅटरीचा व्होल्टेज बघतो, थ्रॉटल तपासतो, ब्रेकचा स्विच, चार्जिंगचा सॉकेट, एकेक कनेक्टर. अर्धा दिवस जातो. शेवटी चाक खोलावं लागतं. हे काम वाटतं तितकं साधं नाही. आतल्या चुंबकांची ओढ इतकी असते की पुलर लावल्याशिवाय मोटर बाहेर येत नाही आणि बोट सापडलं तर चिरडतं. सेन्सर बदलून झाले की झाकण पुन्हा असं बंद करावं लागतं की पहिल्या पावसात पाणी आत जाणार नाही. आमची मजुरी शेजारच्यापेक्षा थोडी जास्त आहे असं काही जण म्हणतात, ती यासाठी आहे.

तर गाडी आणताना, वायर काढली असेल तर पहिल्याच वाक्यात सांगा. तुमचा अर्धा दिवस वाचेल, आमचाही. आम्ही विकलेल्या गाडीच्या कंट्रोलरच्या स्क्रूवर पिवळ्या रंगाचा ठिपका असतो. तो तुटलेला दिसला तर कंपनी वॉरंटीचा दावा घेत नाही आणि त्यात आम्हाला काही करता येत नाही. ठिपका तुमच्यावर अविश्वास म्हणून लावलेला नाही. तो शाबूत असला की कंपनीशी तुमच्या बाजूने भांडताना आमच्या हातात काहीतरी असतं.

फूटपाथ

नंबर नाही म्हणजे ही सायकलच, आणि सायकल फूटपाथवर चालते, असा एक समज आहे. गर्दीच्या वेळी कोपरखैरणे स्टेशनबाहेर रोज दिसतं. संध्याकाळी वाशीच्या मिनी सीशोरला चालायला येणारी माणसं बघा, बरीचशी वयस्कर. पेट्रोलच्या गाडीचा आवाज तरी मागून येतो, आपली गाडी मुकी. आजोबांना कळतं ते आरसा कोपराला लागल्यावर. फूटपाथ पायी चालणाऱ्यांचा आहे. बेदरकारपणे वाहन चालवण्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या २८१ व्या कलमात आहे आणि तिथे ‘कोणतंही वाहन’ असं म्हटलं आहे. त्यात नंबर प्लेटचा प्रश्नच येत नाही.

गाडीच्या बाजूनेही सांगतो. मोटरची वायर मागच्या चाकाच्या आसातून बाहेर येते. फूटपाथच्या कडेवर गाडी तिरकी चढवली की नेमकी तिथेच धार लागते. एकदा-दोनदा काही होत नाही, विसाव्या वेळी आतली तार उघडी पडते आणि पाऊस आला की शॉर्ट. रिमची कड वाकून ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते ते वेगळंच. “पंक्चर सापडत नाही, पण हवा उतरते” असं सांगत येणाऱ्या गाड्यांचं रिम आम्ही पहिलं बघतो.

आणि एक विनंती. आमच्या दुकानासमोरही फूटपाथ आहे आणि आमचेच काही ग्राहक त्यावरून गाडी थेट शटरपर्यंत आणतात. शेजारी दवाखाना आहे, तिथे काठी घेतलेली माणसं येतात. कृपया कोपऱ्यावर थांबा आणि बिलावरच्या नंबरवर फोन करा. आमचा मुलगा येऊन गाडी ढकलत आत घेईल.

रस्ता कुठला घ्यावा

स्लो-स्पीड गाडी घराजवळच्या कामाची आहे. सेक्टरच्या आतले रस्ते आणि सर्व्हिस रोड तिच्यासाठी चांगले. कोपरखैरणेहून वाशीला आतून जाता येतं, पाच-सात मिनिटं जास्त लागतात. पाम बीच रोडवर मात्र नेऊ नका. तिथल्या गाड्यांच्या वेगात पंचविसाने चालणारी गाडी म्हणजे अडथळा. अटल सेतूबद्दलही विचारतात. त्यावर दुचाकीला मुळातच बंदी आहे, कुठलीही असो. हेल्मेट घाला. कायद्याने लागतं की नाही यावर आमच्याशी चर्चा करू नका, डोकं सगळ्यांचं सारखंच असतं.

ज्यांना रोज ठाण्याला किंवा ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला जायचं आहे, त्यांना ही गाडी पुरणार नाही. हे आम्ही विकण्याआधीच सांगतो, त्यामुळे कधी कधी गिऱ्हाईक जातं, जाऊ दे. तुम्हाला पासिंगची गाडी हवी, हिरव्या प्लेटची. तिला नोंदणी, विमा आणि विनागिअरचं लायसन्स लागतं, पीयूसी लागत नाही, आणि पन्नासच्या वेगाला ब्रेक व मोटर दोन्ही तयार असतात. आमच्याकडे अशा दोन मॉडेलची चाचणी फेरी मिळते. वाशी आरटीओचं काम आम्ही करून देतो. जुनी स्लो-स्पीड गाडी बदल्यात घेतो, आणि पिवळा ठिपका शाबूत असेल तर तिला नक्कीच चांगला भाव देतो.

दुकान मंगळवारी बंद. दुरुस्तीला येताना चार्जर बरोबर आणा, निम्म्या तक्रारी त्याच्याच निघतात.