वाटी अडकणे (घोड्यातील)

घोड्याच्या मागच्या पायाचा एक विकार. यात गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावरच्या कंगोऱ्याला अडकते आणि पाय काही क्षण, क्वचित काही तास, मागे ताठ राहतो. वाढीच्या वयातल्या, अंगाने अजून न भरलेल्या घोड्यांत तो जास्त दिसतो. शेटलंड आणि मिनिएचर या बुटक्या जातींत तो वंशातूनही येतो. भारतात बैल-म्हशींनाही हा विकार सर्रास होतो, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच पशुवैद्यांची त्याच्याशी पहिली गाठ गोठ्यात पडते. गोठ्यातला उपाय मात्र पागेत जसाच्या तसा चालत नाही.

घोड्याचा मागचा गुडघा पोटाला लागून, बराच वर असतो. त्याखाली मागे टोक आलेला सांधा दिसतो, त्यालाच पुष्कळ लोक गुडघा समजतात; तो हॉक. घोड्याच्या वाटीला खालून तीन अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे, असतात. घोडा डुलकी घेताना वाटी किंचित वर सरकवतो. आतला अस्थिबंध मग मांडीच्या हाडाच्या आतल्या कंगोऱ्यावर अडकतो आणि फारशी ताकद न लावता पाय कुलूपबंद होतो. उभ्याने झोपण्याची सोय ती हीच. पुढचे पाऊल टाकायचे तर मांडीच्या स्नायूंनी वाटी उचलून त्या कंगोऱ्यावरून सोडवावी लागते. स्नायू कमजोर असले, किंवा पाय जन्मतःच सरळसोट असला, की हे सोडवणे उशिरा होते किंवा होतच नाही. गुडघा आणि हॉक कंडरांनी एकमेकांशी असे जोडलेले असतात की एक वाकल्याशिवाय दुसरा वाकत नाही. म्हणून अडकलेला पाय वरपासून हॉकपर्यंत काठीसारखा ताठ होतो, खुरावरचा सांधा तेवढा वाकतो आणि खुराचे टोक जमिनीवर घासत जाते.

पूर्ण अडकलेला पाय कोणीही ओळखेल. फसवतो तो अर्धवट प्रकार. वाटी अडकते आणि लगेच सुटते, त्यामुळे पाय झटक्याने पुढे येतो. तबेल्यातून बाहेर काढतानाची पहिली काही पावले, लहान वर्तुळातले वळण, उतार, धावण्यावरून दुडकीवर येण्याचा क्षण, या ठिकाणी तो हमखास दिसतो. अंग गरम झाले की कमी होतो, म्हणून विकणारा घोडा आधी फिरवून आणतो आणि घेणाऱ्याला काहीच कळत नाही.

उपचाराआधी निदान पक्के हवे, कारण मागचा पाय वेडावाकडा टाकण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट जातात. स्ट्रिंगहॉल्ट नावाच्या विकारात पाय ताठ होत नाही, उलट गरजेपेक्षा जास्त वर, कधी पोटापर्यंत उचलला जातो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एका पिवळ्या फुलांच्या कुरणी तणामुळे तो एकाच वेळी अनेक घोड्यांत दिसतो. मांडीच्या मागच्या स्नायूत जुन्या इजेचा व्रण राहिला असेल तर पाय पुढे जाताजाता अचानक मागे ओढला जाऊन जमिनीवर आपटतो. शिव्हर्स हा विकार मुख्यतः उंच, थोराड जातींचा. त्यात मागे सरकवताना पाय थरथरत वर राहतो आणि शेपटी उचलली जाते. सर्वांत धोक्याचा वॉबलर: मानेच्या मणक्यांचा मज्जारज्जूवर दाब येतो आणि झपाट्याने वाढणारे, विशेषतः थरोब्रेड जातीचे, शिंगरू मागून डुलू लागते. चालत्या घोड्याची शेपटी बाजूला ओढून पाहावी. निरोगी घोडा जोर लावून विरोध करतो, मज्जारज्जूचा आजार असलेला झुकतो किंवा अडखळतो. असा घोडा कोणत्याही क्षणी पडू शकतो, त्यावर स्वार होणे म्हणजे जिवाशी खेळ. गुडघ्याचा सांधा पाण्याने फुगलेला असेल तर एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. वाढत्या हाडावरची कूर्चा (सांध्यातले गुळगुळीत आवरण) सुटी झालेली असू शकते, आणि तिथे व्यायाम वाढवला की नुकसानही वाढते.

वाटीच अडकते आहे हे ठरले की पहिला उपाय म्हणजे काम, आणि नेमका हाच मालकाला पटत नाही. पाय दुखतोय असे वाटून शिंगराला आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढून-मागून दोरांनी जखडून, दिवसचे दिवस उभे ठेवले जाते. त्यातून मांडीचे स्नायू आणखी सुकतात आणि वाटी आणखी अडकते. हवे ते मोकळे रान, शक्यतो दिवसभर, आणि त्याच्या जोडीला रोजची नेमाची चाल: सरळ रस्त्यावर आधी पायी, मग दुडकी, सौम्य चढ, जमिनीवर ओळीने मांडलेल्या बांबूंवरून पाय उचलत नेणे. लांब दोरीवर लहान गोलात गरगर फिरवणे टाळावे, तसेच खोल चिखल आणि तीव्र उतारही. माथेरान-महाबळेश्वरच्या उतारांवर पाठीवर माणूस घेऊन चालणे अशा कोवळ्या घोड्याच्या वाट्याला येऊ नये. फरक दिसायला काही आठवडे, कधी महिने लागतात.

नालबंदाचा वाटाही मोठा. खुराचे टोक लांब वाढलेले असेल तर पाय उचलायला उशीर होतो, आणि वाटी सोडवण्याचा क्षण चुकतो. टोक आखूड करून पुढून गोलसर घासणे, खूर आत-बाहेर समतोल ठेवणे, एवढ्यानेच काही घोडे सुधारतात.

खाण्याच्या बाबतीत दोन्ही टोके वाईट. हाडे दिसणाऱ्या शिंगराला जंतनाशक आणि चांगली वैरण देऊन अंग भरू द्यावे. पण लवकर मोठे दिसावे म्हणून चंदीचा, म्हणजे दाण्याचा, मारा केला तर कूर्चेच्या आणि मणक्यांच्या वर सांगितलेल्या आजारांना आमंत्रण मिळते. वर्षाच्या शिंगराने प्रौढ उंचीचा सुमारे ९० टक्के भाग गाठलेला असतो, वजन मात्र बरेच मागे असते. या वयात त्याची चाल बेढब दिसली तर त्यात नवल नाही.

अडकलेला पाय सोडवायला घोड्याला दोन-चार पावले मागे सरकवावे. बहुतेकदा तेवढे पुरते. चाबूक मारून पुढे पळवू नये, त्यात सांध्याला इजा होते.

काही महिने नेटाने काम करूनही फरक नसेल तर अस्थिबंधात आयोडीनयुक्त औषध टोचून किंवा बारीक पात्याने चिरा देऊन तो जाड केला जातो, म्हणजे तो कंगोऱ्यावर सहज अडकत नाही. शेवटचा उपाय आतला अस्थिबंध कापण्याचा. बैलात ही शस्त्रक्रिया नित्याची: जागा बधिर करायची, बंध कापायचा, पाय तिथल्या तिथे मोकळा. घोड्यातही पाय तसाच मोकळा होतो, पण बंध गेल्यावर वाटी अस्थिर होऊन तिच्या खालच्या टोकाचे तुकडे पडण्याची आणि पुढे कायम लंगडण्याची भीती राहते. म्हणून त्यानंतर किमान दोन-तीन महिने विश्रांती लागते, आणि वाढ पूर्ण होण्याआधी शक्यतो हे करू नये.

सारंगखेड्यासारख्या घोडेबाजारात तरुण घोडा घेताना तो बराच वेळ बांधून ठेवलेला असतानाच पाहावा: थंड अंगाने पहिली पावले, दोन्ही बाजूंना आखूड वळण, मग मागे सरकवणे. बाजूने पाहता मागचा पाय खांबासारखा सरळ असलेला वळू घोडा पैदाशीला घेऊ नये, मग रंग कितीही देखणा असो.