‘टाकाऊ’ यकृताचा गैरसमज

दाता साठीपलीकडचा असेल किंवा त्याच्या यकृतात चरबी असेल, तर ते यकृत टाकाऊच, आणि मुंबईतील यकृत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीवरील रुग्णाला असे यकृत देऊ करणे म्हणजे त्याची बोळवण करणे, असा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे फिरत आहे. तो चुकीचा आहे.

वयाचा मुद्दा तर फारसा टिकतच नाही. यकृताच्या पेशी पुन्हा तयार होत असल्याने सत्तरी ओलांडलेल्या दात्यांची यकृतेही, काळजीपूर्वक निवडल्यास, चांगली चालतात. चरबीचे प्रकरण अधिक नाजूक आहे. निरोगी यकृत तांबूस-तपकिरी आणि धारदार कडेचे असते, तर चरबीचे यकृत पिवळसर दिसते आणि त्याची कड बोथट, गोलसर होते; शल्यचिकित्सक ते प्रत्यक्ष पाहून, बोटांनी चाचपून आणि शंका आल्यास बायोप्सी (ऊतीचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे) करून ठरवतो. पेशींत मोठ्या थेंबांच्या रूपात साठलेली चरबी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत असेल तर ते सहसा स्वीकारले जाते, ६० टक्क्यांच्या वर बहुधा नाकारले जाते, आणि मधल्या पट्ट्यात बर्फातील तास (काढलेले यकृत रुग्णात बसवेपर्यंत थंड ठेवण्याचा काळ) कमी ठेवणे व रुग्णाची निवड निर्णायक ठरते.

जोखीम वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पित्तनलिकांच्या तक्रारी किंवा यकृत उशिरा कार्यरत होणे संभवते, आणि म्हणूनच रुग्णाची लेखी संमती घ्यायला हवी. परंतु तुलना आदर्श यकृताशी नव्हे, तर यकृताविना वाट पाहण्याशी करायची असते, आणि मूत्रपिंडाला जसा डायलिसिसचा आधार असतो तसा दीर्घकाळ पुरणारा आधार यकृताला नाही.