दहा टक्क्यांचा नियम आणि सिल्व्हर स्प्रिंग्जचा हिशेब

अन्नसाखळीच्या धड्यात एक वाक्य हमखास असतं: खालच्या पोषण पातळीवरची, म्हणजे अन्नसाखळीतल्या खालच्या पायरीवरची, दहा टक्के ऊर्जाच वरच्या पातळीला मिळते. परीक्षेपुरतं ते चालतं. प्रत्यक्षात मोजायला बसलं, तर नेमका दहाचा आकडा क्वचितच हाती लागतो. या नियमाचं श्रेय ज्या रेमंड लिंडमन या परिसंस्था-अभ्यासकाला दिलं जातं, त्याच्या १९४२ सालच्या शोधनिबंधातही तो नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या सीडर बॉग या तळ्यात शाकाहारी जिवांसाठी त्याला १३.३ टक्के मिळाले, तर त्यांना खाणाऱ्यांसाठी २२.३.

सगळ्यात तपशीलवार हिशेब मिळतो तो फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा. हॉवर्ड ओडम या परिसंस्था-अभ्यासकाने तो १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. झऱ्याची निवड विचारपूर्वक होती. पाणी काचेसारखं नितळ, तापमान बाराही महिने २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यामुळे ऋतूंचा गोंधळ कमी. उगमाजवळच्या आणि खालच्या अंगाच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा आणि फरक काढायचा. दिवसा वनस्पती ऑक्सिजन सोडतात, पण त्याच वेळी सगळे जीव तो वापरतही असतात. रात्री फक्त वापर चालू राहतो. म्हणून रात्रीच्या घटीवरून श्वसनाचा दर काढून तो दिवसाच्या वाढीत मिळवावा लागतो. हे राहिलं तर एकूण उत्पादन बरंच कमी दिसतं.

दर चौरस मीटरला वर्षाकाठी वनस्पतींनी शोषलेला प्रकाश ४,१०,००० किलोकॅलरी. त्यातून अन्नात बांधली गेली २०,८१०, म्हणजे जेमतेम पाच टक्के. त्यातले ११,९७७ वनस्पतींनी स्वतःच्याच श्वसनात संपवले. उरले ८,८३३. शाकाहाऱ्यांच्या वाट्याला ३,३६८ आले, त्यांना खाणाऱ्यांच्या ३८३ आणि सर्वांत वरच्या मांसाहारी माशांच्या वाट्याला २१. मेलेले अवशेष कुजवणाऱ्या विघटकांकडे मात्र ५,०६० गेले, शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त! पुस्तकातल्या ऊर्जेच्या मनोऱ्यात विघटक बाजूला कुठेतरी चिकटवलेले असतात, हे मला नेहमीच खटकतं. जमेच्या बाजूला आणखी ४८६ किलोकॅलरी दिसतात: पर्यटकांनी माशांना टाकलेला पाव.

आता टक्केवारी. वनस्पतींच्या एकूण उत्पादनाने भागलं तर शाकाहाऱ्यांना १६ टक्के. पुढच्या पायऱ्यांवर अनुक्रमे ११ आणि साडेपाच. पण पहिल्या पायरीवर एकूण उत्पादनाऐवजी श्वसन वजा जाता उरलेल्या ८,८३३ ने भागलं, तर तेच १६ टक्के ३८ होतात. दोन अभ्यासांचे आकडे जुळत नसले की आधी भाजक तपासावा. बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो.

एवढी गळती होते कुठे? काही अन्न खाल्लंच जात नाही, काही पचत नाही. पचलेल्यातलंही बरंचसं श्वसनात उष्णता होऊन निघून जातं. इथे प्राणी कोणता, याला फार महत्त्व आहे. कीटक पचवलेल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांपर्यंत स्वतःच्या वाढीत आणि अंड्यांत घालू शकतात. सस्तन प्राण्यांत हा आकडा तीनच्या आसपास, कारण शरीर ऊबदार ठेवण्यातच बहुतेक सगळं खर्ची पडतं. त्यामुळे त्याच गवतातून नाकतोड्याचं जेवढं वजन तयार होतं, तेवढं हरणाचं होत नाही.

ताडोबा किंवा पेंचबद्दल बोलताना आणखी एक दहा टक्के कानावर पडतात. एका वाघाला वर्षाला चितळाएवढी साधारण ५० जनावरं लागतात आणि त्यासाठी जंगलात अशी ५०० असावी लागतात, हा वाघांचे अभ्यासक उल्हास कारंत यांच्या अभ्यासातून आलेला ठोकताळा. पुष्कळ जण त्याला ऊर्जेच्या नियमाचा पुरावा समजतात. तो तसा नाही. तिथले दहा टक्के म्हणजे कळपाची संख्या न घटता त्यातून दरवर्षी किती जनावरं मारली जाऊ शकतात, याचा अंदाज. तो चितळांच्या जन्ममृत्यूच्या दरावर ठरतो, किलोकॅलरींवर नाही.