परदेशस्थ कुटुंबांचे गृहशिक्षण : कायदेशीर स्थिती

मुलांना शाळेत न घालता पालकांनी घरीच शिकवणे म्हणजे गृहशिक्षण किंवा होमस्कूलिंग. परदेशात राहणाऱ्या कुटुंबाला ते करता येईल की नाही, हे त्या देशाचा कायदा ठरवतो. मायदेशात परवानगी होती, मूल तिथल्याच अभ्यासक्रमाने शिकते, पासपोर्टही तिथलाच आहे, यांपैकी कशाचाही सहसा उपयोग होत नाही. सक्तीच्या शिक्षणाचे कायदे बहुतेक देशांत रहिवासावर बेतलेले असतात. ‘आम्ही इथले नागरिक नाही, म्हणजे आम्हाला हे लागू नाही’ हा या विषयातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे.

कुठल्याही देशाचा कायदा पाहताना पहिला प्रश्न असा विचारावा : सक्ती शिकण्याची आहे की शाळेत जाण्याची? जर्मनीतले फ्राइलासिंग आणि ऑस्ट्रियातले साल्झबर्ग यांच्यामधून सालाख नदी वाहते. दोन्हीकडे भाषा जर्मनच. साल्झबर्गमधले पालक शाळेचे वर्ष सुरू होण्याआधी शिक्षण खात्याला कळवून मुलाला घरी शिकवू शकतात; मात्र वर्षाअखेरीस मुलाने परीक्षा द्यायची आणि नापास झाले तर शाळेत जायचे. पूल ओलांडून हेच कुटुंब फ्राइलासिंगला राहायला आले, तर मुलाला शाळेत घालावेच लागते. जर्मनीत घर बदलले की दोन आठवड्यांत रहिवासाची नोंद करावी लागते आणि शाळेच्या वयाचे मूल आल्याचे त्या नोंदीवरूनच शिक्षण खात्यापर्यंत पोहोचते. ‘कोणाला कळणार आहे?’ या भरवशावर तिथे राहता येत नाही.

जर्मन सक्तीचे मूळ १९३८ च्या नाझी कायद्यात आहे, असे अनेकदा सांगितले जाते. ते अपुरे आहे, कारण १९१९ च्या वायमार संविधानातच शाळेची सक्ती होती. आज शालेय कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे असले, तरी निव्वळ पालकांच्या पसंतीने गृहशिक्षण कुठेच मान्य नाही. दंड होतो आणि प्रकरण कुटुंब न्यायालयापर्यंतही जाते. वुंडरलिश नावाचे जर्मन कुटुंब काही वर्षे इतर देशांत राहून २०११ मध्ये जर्मनीत परतले आणि चारही मुलांना घरीच शिकवू लागले. ऑगस्ट २०१३ मध्ये पोलीस आणि बालकल्याण अधिकारी हेसे राज्यातल्या त्यांच्या घरी आले व मुलांना घेऊन गेले. सुमारे तीन आठवड्यांनी, शाळेत पाठवण्याचे पालकांनी कबूल केल्यावर, मुले परत मिळाली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १० जानेवारी २०१९ रोजी निकाल दिला की यात कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झालेला नाही. त्याआधी, २००६ मध्ये कोनराड या दुसऱ्या जर्मन कुटुंबाच्या खटल्यात, समाजात वेगळे कप्पे पडू नयेत म्हणून शाळा सक्तीची करणे हा राज्याचा रास्त हेतू असल्याचे याच न्यायालयाने मान्य केले होते. मुलांना पालकांपासून दूर नेण्याइतकी ही बाब गंभीर होती का, याविषयी मतभेद राहतील. जर्मनीत बदली होणाऱ्या पालकांनी मात्र हा निकाल सामान बांधण्यापूर्वी वाचलेला बरा.

स्वीडनने २०१० च्या शिक्षण कायद्याने दार जवळपास बंद केले; अगदी असाधारण कारण असेल तरच परवानगी मिळते. काही कुटुंबे त्यामुळे फिनलंडच्या अखत्यारीतल्या, पण स्वीडिश बोलणाऱ्या आलँड बेटांवर राहायला गेली. फ्रान्समध्ये पूर्वी नुसते कळवले की पुरे होते. २०२१ च्या कायद्यानंतर, २०२२ पासून, आधी परवानगी लागते आणि ती आजारपण वा अपंगत्व, खेळ किंवा कलेचा कसून सराव, भटके जीवन वा शाळेपासूनचे अंतर आणि मुलाची विशिष्ट परिस्थिती या चारच कारणांवर मिळू शकते. अर्ज मार्च ते मे या काळात करायचा असतो. ऐन सप्टेंबरात येऊन पोहोचणाऱ्या कुटुंबाची इथेच अडचण होते. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक कँटनचा, म्हणजे तिथल्या राज्याचा, नियम वेगळा आहे, तेव्हा कोणत्या शहरात घर घ्यायचे याचा निर्णय आणि शिक्षणाचा निर्णय एकच होऊन बसतो.

उलट इंग्लंडच्या कायद्यात मुलाला ‘शाळेत किंवा अन्य प्रकारे’ शिक्षण द्यावे अशी तरतूद १९४४ पासून आहे आणि त्या ‘अन्य प्रकारे’ या दोन शब्दांवरच तिथले गृहशिक्षण उभे आहे. आयर्लंड आणि डेन्मार्क यांच्या संविधानांतच घरी शिकवण्याची मुभा आहे. अमेरिकेत गृहशिक्षण सर्व राज्यांत कायदेशीर आहे, पण तपशिलांत जमीन-अस्मानाचा फरक : टेक्ससमध्ये सरकारला कळवावेही लागत नाही, तर न्यूयॉर्क राज्यात दरवर्षी सूचना, अभ्यासाचा आराखडा, दर तिमाहीचा अहवाल आणि वार्षिक मूल्यमापन हे सारे द्यावे लागते.

नागरिकत्वावर बेतलेले कायदे थोडे आहेत. सिंगापूरचा सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००३ पासून अमलात आहे आणि तो तिथे राहणाऱ्या सिंगापुरी नागरिकांपुरताच आहे. जपानमध्येही परदेशी नागरिकांच्या मुलांवर शाळेची सक्ती नाही, मात्र शाळेत घालायचे ठरवले तर सरकारी शाळा त्यांना घेते. राजनैतिक अधिकारी आणि करारान्वये परदेशी तैनात असलेले सैनिक यांची गोष्ट वेगळी. जर्मनीतल्या तळांवरची अमेरिकी लष्करी कुटुंबे मुलांना घरी शिकवतात; शेजारच्या सामान्य परदेशी कुटुंबाला त्यांचा दाखला देऊन उपयोग नाही.

व्हिसाचा प्रकारही तपासावा लागतो. पालकांच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या व्हिसावर आलेल्या मुलाला स्थानिक शिक्षण कायदा लागू होतो, एवढेच. पण मुलाचा स्वतःचा विद्यार्थी व्हिसा असेल, तर तो ठरावीक शाळेतल्या प्रवेशावरच टिकतो. ती शाळा सोडून घरी शिकणे म्हणजे व्हिसा गमावणे. मायदेशातल्या किंवा तिसऱ्याच देशातल्या ऑनलाइन शाळेत नाव घालून हा प्रश्न सुटतो, असेही अनेकांना वाटते. जिथे शाळेत प्रत्यक्ष हजर राहण्याची सक्ती आहे, तिथे असा प्रवेश गृहशिक्षणच धरला जातो.

पालकांच्या बाजूने आंतरराष्ट्रीय कायदा काही बोलतच नाही असे नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील कलम २६ मुलाच्या शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क पालकांना देते. त्याच कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे असेही म्हटले आहे. या दोन वाक्यांमधली जागा प्रत्येक देशाने आपापल्या परीने भरली आहे.

गृहशिक्षण कायदेशीर असले, तरी ते पुढे ग्राह्य धरले जाईलच असे नाही. वारंवार देश बदलणारी कुटुंबे केंब्रिजच्या आयजीसीएसईसारख्या (साधारण दहावीच्या पातळीच्या) परीक्षांचा आधार घेतात, कारण त्या खासगी उमेदवार म्हणून देता येतात. त्यासाठी बाहेरचे उमेदवार घेणारे परीक्षा केंद्र जवळपास आहे का, हे वर्ष-दीड वर्ष आधीच शोधावे लागते. इंटरनॅशनल बॅकलोरिएट डिप्लोमा या शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमासाठी मात्र मान्यताप्राप्त शाळेत प्रवेश घ्यावाच लागतो.