युरोव्हिजनचा विजेता ठरवतं कोण? ज्यूरी विरुद्ध प्रेक्षक वादाची पार्श्वभूमी

युरोव्हिजन ही मुख्यतः युरोपातल्या देशांची दरवर्षी होणारी गाण्यांची स्पर्धा. व्हिएन्नातल्या २०२६ च्या युरोव्हिजनसाठी उपांत्य फेऱ्यांमध्ये ज्यूरी, म्हणजे प्रत्येक देशाचं परीक्षक मंडळ, परत आणण्याचा निर्णय झाला. अवघ्या तीन वर्षांपूर्वी, २०२३ मध्ये, याच फेऱ्या पूर्णपणे प्रेक्षकांच्या हवाली केल्या होत्या. गाण्याचा निकाल जाणकारांनी लावायचा की घरी बसून पाहणाऱ्यांनी, या प्रश्नावर ही स्पर्धा जवळजवळ तीन दशकं झोके खाते आहे.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९५६ साली लुगानोत सात देशांची प्रत्येकी दोन गाणी झाली, प्रत्येक देशाच्या दोन परीक्षकांनी गुप्त मतदान केलं, यजमान स्वित्झर्लंड जिंकलं आणि मतांचा तपशील कधीच बाहेर आला नाही. लक्झेंबर्गचे परीक्षक आले नव्हते, त्यांची मतंही यजमानांच्या परीक्षकांनीच दिली! १९६९ मध्ये माद्रिदला चार देश १८-१८ गुणांवर अडकले आणि बरोबरी सोडवण्याचा नियमच नसल्याने चौघांनाही विजेते घोषित करावं लागलं. आज सर्वांना पाठ असलेली १२ गुणांची पद्धत, म्हणजे प्रत्येक देशाने आपल्या पहिल्या पसंतीच्या गाण्याला १२ गुण देणं, आली ती १९७५ मध्ये.

खरी कलाटणी १९९७ ची. त्या वर्षी पाच देशांनी प्रेक्षकांच्या फोनवरून मतदानाचा प्रयोग केला आणि पुढच्या वर्षी बहुतेक सगळे त्या वाटेने गेले. पुढचं दशक प्रेक्षकांचं. त्याच काळात पूर्व युरोपातले देश मोठ्या संख्येने आले, जिंकूही लागले, आणि पश्चिमेकडून ओरड सुरू झाली की हे शेजाऱ्याला मत देतात. या आरोपाला वाजवीपेक्षा जास्त वजन मिळालं. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना १२ गुण द्यायचे ते निव्वळ ज्यूरीच्या काळातही. शिवाय शेजारच्या देशाचा गायक ओळखीचा असतो, भाषा कानावरची असते, कामासाठी तिकडे गेलेली माणसं आपल्या देशाला मत देतात. यात कट शोधण्याची गरज नव्हती.

तरीही २००९ मध्ये अंतिम फेरीत ज्यूरी परतली, निम्म्या वाट्यासह. पहिल्या वर्षी कुणाची तक्रार झाली नाही, कारण नॉर्वेचं गाणं दोन्हीकडे पहिलं होतं. पण २०११ मध्ये ज्यूरीची पसंती इटलीला आणि प्रेक्षकांची अझरबैजानला गेली. बेरजेत अझरबैजान जिंकलं आणि फट दिसायला लागली.

सर्वांत खटकणारा नियम २०१३ चा. त्यानुसार प्रत्येक देशात ज्यूरी आणि प्रेक्षक या दोघांनीही सगळ्या गाण्यांना क्रमांक द्यायचे, त्यांची सांगड घालायची आणि त्यातून गुण काढायचे. २०१४ मध्ये याचा परिणाम ब्रिटनमध्ये दिसला. तिथल्या प्रेक्षकांनी पोलंडचं गाणं पहिलं ठरवलं, ज्यूरीने शेवटचं, आणि ब्रिटनकडून पोलंडला मिळाले शून्य गुण. मूठभर परीक्षकांनी एका देशाच्या अख्ख्या प्रेक्षकवर्गाचं मत पुसून टाकलं. नावाला निम्मा वाटा होता, हाती मात्र नकाराधिकार होता. २०१५ मध्ये प्रेक्षकांची पहिली पसंती असलेलं इटली तिसऱ्या क्रमांकावर राहिलं आणि प्रेक्षकांमध्ये तिसरं असलेलं स्वीडन जिंकलं, तेव्हा बदल टाळणं अवघड झालं.

तो बदल २०१६ मध्ये स्टॉकहोमला झाला. आधी ज्यूरीचे गुण देशवार, मग प्रेक्षकांचे एकत्रित. ज्यूरीचे सगळे गुण झाले तेव्हा ऑस्ट्रेलिया ३२० वर, सर्वांच्या पुढे. प्रेक्षकांकडून सर्वाधिक ३६१ रशियाला. आणि जिंकलं युक्रेन, जे दोन्ही याद्यांमध्ये दुसरं होतं: २११ आणि ३२३, एकूण ५३४. मध्यममार्गी निकाल म्हणून तो न्याय्यच होता. पण या पद्धतीने दोन्ही बाजूंचा कौल स्वतंत्रपणे पडद्यावर आणला आणि तेव्हापासून प्रत्येक वर्षीचा वाद आकड्यांसकट होऊ लागला.

२०२३ मध्ये लिव्हरपूलला प्रेक्षकांनी फिनलंडला ३७६ गुण दिले, स्वीडनला २४३. ज्यूरीने स्वीडनला ३४०, फिनलंडला १५०. स्वीडन जिंकलं, सभागृह फिनलंडच्या नावाने गरजत राहिलं. २०२४ मध्येही तीच कथा: क्रोएशिया प्रेक्षकांचं, चषक स्वित्झर्लंडला. सलग दोन वर्षं असं झाल्यावर निम्म्या-निम्म्या वाट्याचा फेरविचार व्हायला हवा होता.

त्याऐवजी काटा उलट फिरला. मधल्या काळात भाग न घेणाऱ्या देशांतल्या प्रेक्षकांनाही २०२३ पासून ऑनलाइन मत देता येऊ लागलं होतं आणि एका प्रेक्षकाला २० मतांची मुभा होती. २०२५ मध्ये बाझेलला इस्रायलला प्रेक्षकांकडून सर्वाधिक २९७ गुण मिळाले, ज्यूरीकडून फक्त ६०. ज्यूरीची पहिली पसंती असलेलं ऑस्ट्रिया जिंकलं. इस्रायलसाठी झालेल्या सरकारी प्रचारावर आक्षेप आले, काही देशांच्या वाहिन्यांनी मतांची तपासणी मागितली. गाझातल्या युद्धामुळे इस्रायलच्या सहभागालाच असलेला विरोध याहून मोठा होता आणि त्यावरून पुढे पाच देशांनी २०२६ मधून माघार घेतली.

मतदानापुरतं पाहिलं तर २०२६ साठी उपांत्य फेऱ्यांत ज्यूरी परतण्याशिवाय आणखी तीन मुख्य गोष्टी बदलल्या. मतांची मर्यादा २० वरून १० वर आली. सरकारी किंवा त्रयस्थ पाठबळावर चालणाऱ्या मोहिमांना आळा घालणारे नियम आले. आणि प्रत्येक देशाची ज्यूरी पाचवरून सात जणांची झाली, त्यात किमान दोघे १८ ते २५ वयाचे. तरुण परीक्षकांची ही अट नवी वाटत असली, तरी १९७१ ते १९७३ दरम्यान प्रत्येक देशाच्या दोन परीक्षकांपैकी एक पंचविशीच्या आतला असणं सक्तीचं होतं. अंतिम फेरीतला निम्मा-निम्मा वाटा मात्र तसाच ठेवला आहे.