सेप्टिक टाकी की दोन खड्डे?

गावात नवं घर बांधताना संडासाविषयी एक सल्ला हमखास मिळतो: टाकी अशी मोठी बांधा, की नातवंडांच्या काळापर्यंत उपसायला नको. दोन खड्ड्यांचं शौचालय म्हणजे सरकारी अनुदानातलं, गरिबाचं, अशी समजूत त्यामागे असते. स्वच्छ भारत अभियानातल्या 12,000 रुपयांच्या प्रोत्साहन रकमेशी नाव जोडलं गेल्यामुळे त्याला जी उतरती कळा लागली, ती अजून गेलेली नाही. जमिनीखाली काय चालतं ते पाहिलं, तर मात्र हा मान-अपमान उलटा ठरतो.

सेप्टिक टाकी म्हणजे पाणी न झिरपणारी पेटी. तळ, भिंती, सगळं पक्कं. आत साधारणपणे दोन कप्पे असतात. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे निघतं. हे पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरवायचं असतं. आपल्याकडे बऱ्याचदा ते सरळ गटारात सोडतात. तळाचा गाळ काही प्रमाणात कुजतो, पण रोज वरून ताजा मैला पडत असल्यामुळे तो कधीच निर्धोक होत नाही. दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून तो उपसावा लागतो. ‘आमची टाकी वीस वर्षांत भरली नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं, तर टाकी गळते आहे किंवा गाळ पाण्याबरोबर बाहेर वाहतो आहे, असं खुशाल समजावं.

दोन खड्ड्यांची रीत वेगळी. सुमारे 1 मीटर रुंद आणि त्याहून थोडे खोल असे दोन खड्डे, विटांचं बांधकाम जाळीदार, तळ मातीचाच. भांड्यातून येणारा पाइप एका छोट्या चेंबरमध्ये दुभंगतो. त्यातली एक वाट बंद ठेवायची. पाणी आणि वायू भोवतालच्या मातीत जिरतात, त्यामुळे गॅसचा उभा पाइपही लागत नाही. पाच-सहा माणसांच्या घरात पहिला खड्डा भरायला काही वर्षं जातात. भरला की चेंबरमधली वाट बदलायची आणि तो झाकून किमान दीड-दोन वर्षं विसरून जायचं. वरून नवीन काही पडत नाही, ही यातली खरी करामत. तेवढ्या काळात मैल्याची कोरडी, वास नसलेली माती होते; आपल्या जुन्या माणसांचं सोनखत. मैल्याचं खत व्हावं म्हणून कोकणात गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धनांनी, तर देहूत डॉ. मापुसकरांनी मैल्यावर बायोगॅस चालवण्यासाठी उमेदीची वर्षं घातली, ती याच विचाराने. फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि त्यांनी खत बाहेर काढलं. सेप्टिक टाकीत असं उतरणं म्हणजे मृत्यूला आमंत्रण. हायड्रोजन सल्फाइडने माणूस ओरडायच्या आत कोसळतो. कोसळणारा कोणत्या जातीचा असतो, हे वेगळं सांगायला नको. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवण्यास बंदी आहे, तरी बातम्या थांबलेल्या नाहीत.

मग टाकी वाईटच का? नाही. कोकणातला कातळ, वीतभर खोलीवर पाणी लागणारी जमीन, घट्ट काळी माती, शहरातली दाटीवाटी, अशा ठिकाणी खड्डे जिरत नाहीत किंवा विहिरीचं पाणी बिघडवतात. तिथे टाकीच हवी, पण तिच्यामागे उपसणारी गाडी आणि गाळावर प्रक्रिया करणारं केंद्र हवं. वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी टाकी तुंबण्याची वाट न पाहता ठरलेल्या पाळीने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली, गाळासाठी केंद्रं उभारली. ज्या खेड्यात अशी गाडी पोचतच नाही, तिथली टाकी अर्धवट सोय आहे. गाडी आली आणि तिने मैला ओढ्यात ओतला, तर तीही नाही.

सगळ्यात फसवा प्रकार तिसराच: सिमेंटच्या गोल कड्या टाकून केलेला एकच खोल खड्डा, ज्याला लोक बेधडक ‘टाकी’ म्हणतात. त्याचा तळ उघडा, म्हणून ती सेप्टिक टाकी नव्हे. आणि विश्रांती देता येत नाही, म्हणून भरल्यावर वर ताजा मैलाच. खोली जितकी जास्त तितका तो भूजलाजवळ. जमीन मुरमाड असेल आणि विहीर लांब असेल तर तो सुधारता येतो: बाजूला किमान मीटरभर अंतर सोडून दुसरा उथळ खड्डा घ्यायचा आणि पाइपवर चेंबर बसवायचं. गवंड्याला दोन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. तळाला कोबा करू नको आणि न्हाणीचं पाणी यात जोडू नको. चेंबरमधली एक वाट बंद केली का, हे मात्र झाकण लावायच्या आधी स्वतः वाकून पाहावं. दोन्ही उघड्या राहिल्या की दोन्ही खड्डे एकदमच भरतात.