झायन अणुवीज केंद्र: वीज थांबली, इंधन राहिलं

शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी झायन नावाचं लहानसं शहर आहे. जॉन अलेक्झांडर डाउई या धर्मोपदेशकाने १९०१ मध्ये आपल्या अनुयायांसाठी ते वसवलं. सरोवराचं मुबलक थंड पाणी आणि जवळच शिकागोसारखं विजेचं गिऱ्हाईक, म्हणून कॉमनवेल्थ एडिसन कंपनीने १९६८ मध्ये इथे अणुवीज केंद्र बांधायला घेतलं. १९७३ आणि १९७४ मध्ये प्रत्येकी हजार मेगावॉटहून मोठ्या दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या.

२१ फेब्रुवारी १९९७ रोजी पहिली भट्टी बंद करताना चालकाने नियंत्रक दांडे (भट्टीतली अणुप्रक्रिया मंदावणारे) गरजेपेक्षा फार आत घातले आणि मग ठरलेली पद्धत सोडून सरळ बाहेर ओढायला सुरुवात केली. किरणोत्सर्ग झाला नाही, पण भट्टी पुन्हा पेटली नाही. दुसरी आधीपासून बंदच होती. वाफ तयार करणारी जनित्रं बदलायला प्रचंड खर्च येणार होता आणि खुल्या वीजबाजारात तो वसूल होण्याची कंपनीला खात्री नव्हती. परवाना २०१३ पर्यंत असूनही जानेवारी १९९८ मध्ये केंद्र कायमचं बंद केल्याचं जाहीर झालं.

शहराची आजची अडचण समजून घ्यायची तर हाच महिना लक्षात ठेवायला हवा. १९८२ च्या कायद्यानुसार वीजकंपन्यांकडचं वापरलेलं, पण अजूनही किरणोत्सर्गी असलेलं इंधन केंद्र सरकारने ३१ जानेवारी १९९८ पासून ताब्यात घ्यायचं होतं. सरकारने ते घेतलं नाही. नेवाडातल्या युका डोंगरात कायमचं साठवणघर व्हायचं होतं, तेही राजकीय विरोधात अडकलं.

केंद्र पाडण्याचं काम २०१० मध्ये एनर्जीसोल्यूशन्स कंपनीकडे गेलं. दूषित राडारोडा रेल्वेने युटा राज्यात नेऊन पुरला. इंधनाचे २,२२६ जुडगे मात्र पाण्याच्या टाकीतून काढून काँक्रीटच्या अजस्र पिंपांत बंद केले, आणि २०१५ पासून ती ६१ पिंपं तिथेच उभी आहेत. २०२३ मध्ये बाकीची बहुतेक जमीन अमेरिकेच्या अणुऊर्जा नियामक आयोगाने इतर वापरासाठी मोकळी केली.

केंद्राच्या मालमत्ता करावर शहराची आणि शाळांची मोठी भिस्त होती. तो बुडाल्यावर बोजा घरमालकांवर आला. विजेचा लाभ साऱ्या प्रदेशाने घेतला. उरलेलं इंधन सांभाळायचं ओझं एकट्या झायनवर टाकणं मला उघड अन्याय वाटतो. पिंपांभोवती कुंपण आणि सशस्त्र पहारा आहे. दोन्ही बाजूंना राज्य उद्यानाची वाळू, समोर लाखो लोकांना पिण्याचं पाणी देणारं सरोवर.